खंगलेला कुत्रा रस्त्यावरून घरी आणायचा तर

गल्लीतल्या ज्या कुत्र्याला आपण ‘बिचारा’ म्हणतो, त्याचं पुष्कळदा बरं चाललेलं असतं. सकाळी चहाच्या टपरीवर खारी, दुपारी चिकनच्या दुकानाबाहेर पायांचे तुकडे, रात्री वॉचमनकाकांच्या खुर्चीखाली झोप. त्याचा इलाखा ठरलेला असतो, सोबती असतात, दोन-चार माणसं त्याला नावानं हाक मारतात. अशा कुत्र्याला उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोंडणं म्हणजे मदत नव्हे. रेबीजची लस आणि नसबंदी एवढं मिळालं तरी त्याचं भागतं.

हा लेख दुसऱ्या कुत्र्याबद्दल आहे. ज्याच्या फासळ्या लांबूनही मोजता येतात, अंगावरचे केस जाऊन कातडी राखाडी आणि जाड झालीय, ज्याला बाकीची कुत्री उकिरड्याजवळही येऊ देत नाहीत. किंवा गळ्यात जुना पट्टा असलेला लॅब्राडोर, जो हायवेवरच्या धाब्यापाशी प्रत्येक गाडीकडे आशेनं बघतो.

आधी चौकशी

पहिले एक-दोन दिवस फक्त बघा आणि विचारा. टपरीवाला, भाजीवाली, रिक्षा स्टँडवरची मंडळी यांच्याकडे सगळी माहिती असते. “तो होय? मे महिन्यात गाडीतून सोडून गेले कोणीतरी. आधी खायचा, आता पडूनच असतो,” एवढ्या एका वाक्यानं डॉक्टरांचं अर्धं काम होतं. कानाला खाच दिसली तर नसबंदी झालेली आहे असं समजा. पट्टा असेल तर हरवलेला असू शकतो. फोटो काढून आसपासच्या दवाखान्यांत आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर टाका.

पिल्लं दिसली तर घाई अजिबात नको. आई अन्नाच्या शोधात गेलेली असते. पिल्लं गुबगुबीत आणि शांत झोपलेली असतील, तर आई येऊन जाऊन आहे. आठ आठवड्यांच्या आत तिच्यापासून तोडलेल्या पिल्लाला पुढे खेळताना किती जोरात चावावं हेसुद्धा कळत नाही, कारण ते आई आणि भावंडंच शिकवतात.

चौकशी झाली की स्वतःला विचारा: याला घरी आणायलाच हवं का? पुष्कळ कुत्र्यांवर जागेवरच उपचार होतात. लूत लागलेल्या कुत्र्याला पूर्वी इंजेक्शनसाठी पुन्हा पुन्हा पकडावं लागायचं. आता गोचीड-पिसवांसाठी ज्या चघळायच्या गोळ्या मिळतात, त्यांतल्या काही लुतेच्या किड्यांवरही चालतात आणि एका गोळीचा परिणाम महिनाभर, काहींचा तीन महिन्यांपर्यंत टिकतो. कुत्र्याचा फोटो आणि अंदाजे वजन डॉक्टरांना दाखवायचं, त्यांनी दिलेली गोळी अंड्यात लपवायची, आणि ती त्यानंच खाल्ली, शेजारच्या काळूनं नाही, एवढं बघायचं. हात न लावता अर्धा आजार जातो. माझ्या मते दहातल्या सहा-सात कुत्र्यांना एवढंच पुरतं. उचलायचं ते चालता न येणाऱ्याला, अळ्या पडलेल्याला, खाणं सोडलेल्याला, आणि रस्त्यावर जगायची सवयच नसलेल्या सोडून दिलेल्या घरच्या कुत्र्याला.

हात लावण्याआधी स्वतःची लस

हे काम एकदा जरी करणार असाल, तरी रेबीजची आगाऊ लस घ्या. वेळापत्रक सोपं आहे: ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), ७, आणि मग २१ किंवा २८ वा दिवस. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ कधीच संपला. आता दंडात देतात. आधी लस घेतलेल्या माणसाला चावलं तर ० आणि ३ ऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात. न घेतलेल्याला ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, शिवाय रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. चावल्यावरची ही लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.

चावलं किंवा ओरखडलं तर पहिलं काम नळाखाली, साबण लावून, घड्याळ बघून पंधरा मिनिटं धुणं. रेबीजच्या विषाणूचं आवरण चरबीचं असतं आणि साबणानं ते फुटतं. म्हणून हे धुणं लशीइतकंच महत्त्वाचं. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांतलं काहीही जखमेवर दाबू नका. मग लगेच रुग्णालय. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण त्याचा निकाल लागेपर्यंत लस थांबवायची नसते.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बसलाय असा कुत्रा दिसला की लोक म्हणतात, “घशात हाड अडकलंय,” आणि तोंडात हात घालतात. लुळ्या पडणाऱ्या रेबीजमध्ये कुत्रा अगदी असाच दिसतो. तो पिसाळून अंगावर येतोच असं नाही. अशा कुत्र्याला स्वतः हात लावू नका. लोकांना लांब ठेवा आणि महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला कळवा.

ओळख वाढवणं

चालता येणाऱ्या, पण घाबरट कुत्र्याच्या बाबतीत पकडणं हे शेवटचं काम. त्याआधी तीन गोष्टी ठरवून टाका: वेळ एकच, जागा एकच, भांडं एकच. रोज सकाळी सहाला, त्याच भिंतीपाशी, त्याच स्टीलच्या ताटलीत. आज सहाला, उद्या नऊला, परवा नाहीच, असं केलं तर त्याच्या लेखी तुम्ही अचानक उगवणारे आणखी एक माणूस. माणूस अचानक उगवला की काय होतं याचा अनुभव त्याच्या पाठीवर उमटलेला असतो.

भांडं ठेवा आणि दहा-बारा पावलं मागे जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसा. टक लावून बघू नका. कुत्र्याच्या भाषेत ती धमकी. जिभल्या चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं या सगळ्याचा अर्थ ‘अजून लांब राहा’. अंग एकदम ताठ झालं, हालचाल थांबली, तर त्याच क्षणी मागे व्हा, कारण चावण्याआधीची ती शेवटची पायरी असते. खाताना त्यानं तुमच्याकडे पाठ केली की समजा काम पुढे सरकलं.

इथेच शेजारीपाजारी प्रश्न उभे करतात. “आमच्या दारात घाण नको,” असं एखादी काकू म्हणाली तर वाद घालण्यात वेळ घालवू नका. “काकू, दारात नाही घालत, मागच्या भिंतीपाशी घालतो आणि भांडं परत नेतो,” असं म्हणा आणि खरंच न्या. दिलेला शब्द पाळल्यावर तीच काकू पुढे फोन करून सांगते की तो आज लंगडतोय.

खाण्यापेक्षा स्पर्श जास्त कामाला येतो, असं कुत्र्यांबरोबर राहिलेली माणसं सांगत आलीच आहेत. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटानं तिकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर याचा प्रयोग केला आणि २०१७ साली निष्कर्ष छापले: अनोळखी माणसानं वारंवार खायला देण्यापेक्षा वारंवार कुरवाळलं, तर कुत्री लवकर विश्वास टाकतात. पण हे कुरवाळणं आपल्या नव्हे, त्याच्या वेळेनुसार. हात डोक्यावरून न आणता खालून, मूठ सैल मिटून पुढे करा, त्याला हुंगू द्या. छातीवर किंवा हनुवटीखाली दोन-तीन वेळा खाजवा आणि थांबा. तो पुढे सरकला तर आणखी, नाही सरकला तर आजचं काम संपलं.

पकडणं आणि नेणं

वेळ निवडा पहाटेची किंवा टळटळीत दुपारची, जेव्हा रस्त्यावर गर्दी नसते. कुत्र्याजवळ एकच माणूस जाईल. बाकीचे दोघे लांब, रहदारी अडवायला. बघ्यांना, विशेषतः मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांना, हात जोडून बाजूला करा.

सगळ्यांत चांगला उपाय पिंजऱ्याचा. दार दोरीनं बांधून उघडं ठेवायचं आणि काही दिवस जेवण पिंजऱ्यातच द्यायचं, रोज भांडं जरा आत सरकवत. ज्या दिवशी शेपटीसकट आत जाऊन निवांत खाईल, त्या दिवशी दार लावायचं. पिंजरा नसेल तर जाड चादर आणि फासाचा पट्टा. एका हातात बिस्कीट आणि दुसऱ्या हातात फास असा प्रकार मात्र टाळा; हुकलात तर इतक्या दिवसांची ओळख बुडाली. पट्टा आधी काही दिवस खाताना शेजारी पडलेला असू द्या, मग तो त्याला साप वाटत नाही.

जखमी कुत्रा चावतोच. गुणी असला तरी चावतो, कारण दुखतं. बँडेजच्या पट्टीचा फास नाकाडावर घालून खाली एक वळसा द्या आणि टोकं कानांमागे बांधा, की तात्पुरतं मुसकं तयार. उलट्या होत असतील, धाप लागली असेल किंवा ऊन लागलं असेल, तर मुसकं बांधू नका. कुत्रा तोंड उघडूनच अंग थंड करतो. गाडीखाली आलेल्याला पाय धरून उचलू नका. फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर अलगद सरकवा, कारण कणा मोडलेला असू शकतो. स्कूटरच्या पायाशी उभं करून नेणं म्हणजे चौकात उडी मारायला वाव देणं. रिक्षा करा, मोठा खोका घ्या, वर चादर टाका. अंधारात बहुतेक कुत्री शांत होतात.

कुठे न्यायचं हे आधीच ठरलेलं हवं. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय १८८० च्या दशकापासून चालू आहे. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, पण रेबीजची लस, जंतांचं औषध, मलमपट्टी तिथेही होऊ शकते. दर रविवारी कोण उघडं असतं, रात्री कोण फोन उचलतं हे तेव्हा शोधत बसू नका.

पहिली तपासणी

दवाखान्यात निघताना हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या असतील तर रक्त कमी आहे, आणि आपल्याकडे त्याचं नेहमीचं कारण म्हणजे गोचीड. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच जागेवर बसली नाही तर अंगात पाणी कमी आहे. कुत्र्याचं सामान्य तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे अंग गरम लागलं की ताप आहे असं नाही, थर्मामीटरनंच ठरतं.

डॉक्टरांना म्हणा, रक्ताची संपूर्ण तपासणी आणि रक्तातल्या परजीवींसाठी काचपट्टी करा. गोचिडीच्या तापात प्लेटलेट्स पडतात, नाकातून रक्त येतं, कुत्रा महिनोन् महिने नुसता झुरतो. एर्लिकिया नावाच्या जंतूमुळे असेल तर डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो. आठव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि लोक गोळ्या थांबवतात. पूर्ण करा.

पिल्लू असेल आणि रक्ताची, उग्र वासाची जुलाब-उलटी असेल तर पार्व्होची, म्हणजे आतड्यांवर जाणाऱ्या विषाणूच्या आजाराची, चाचणी. डोळ्या-नाकातून घट्ट पू, तळव्यांची कातडी कडक, आणि काही चघळत असल्यासारखे जबड्याचे झटके असतील तर डिस्टेंपर, हाही विषाणूचाच आजार, मेंदूपर्यंत जाणारा. यातून वाचण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. जी वाचतात त्यांच्यातल्या काहींचा एखादा पाय जन्मभर उडत राहतो, आणि तशीही ती छान जगतात. घरी लस न झालेला दुसरा कुत्रा असेल तर नव्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. भांडी, चपला, फडकी वेगळी. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. ब्लीच लागतं, एक भागाला तीस भाग पाणी.

मादीच्या मागच्या बाजूनं बरेच दिवस रक्त ठिबकत असेल तर ‘पाळीवर आली असेल’ म्हणून सोडू नका. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ असू शकते, नरालाही होते. संभोगातून एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाणारा हा कर्करोग आहे. नाव भयंकर असलं तरी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या आजारांतला हा सर्वांत बऱ्या होणाऱ्यांपैकी एक. आठवड्याला एक असं व्हिनक्रिस्टिनचं सलाईन, बहुतेकांना चार ते सहा, आणि गाठ विरघळते. त्या काळात त्याची शी-शू साफ करताना हातमोजे घाला, औषध त्यातून बाहेर पडतं.

अळ्या आणि लूत

पावसाळ्यात अळ्या कुत्र्याला झटपट मारू शकतात. माशी जखमेवर अंडी घालते, दिवसभरात अळ्या बाहेर येतात आणि जिवंत मांस खात आत शिरतात. जिथे जीभ पोचत नाही तिथे होतं हे: डोकं, कानामागे, शेपटीचं मूळ. वरून रुपयाएवढं भोक, आत मुठीएवढी पोकळी. आधी सडका वास येतो, मग कुत्रा एका जागी गोल फिरत डोकं झटकतो. औषधांच्या दुकानात अळ्यांसाठीचा फवारा मिळतो. लांबून मारता येतो, त्यानं बऱ्याच अळ्या वर येऊन पडतात. पण एक जरी आत राहिली तरी खेळ पुन्हा सुरू. केस कापणं, चिमट्यानं एकेक काढणं, वेदनाशामक, प्रतिजैविक हे डॉक्टरांनी करायचं. पेट्रोल, रॉकेल ओतू नका. आपल्या घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन तर नाहीच. कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंड त्यात जातं.

लुतेचे मुख्य प्रकार दोन. एकात बेसुमार खाज असते, कानाच्या कडा आणि कोपरं आधी जातात. कानाची कड चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला लागतो. हा प्रकार माणसालाही लागतो, पोटावर आणि हातांवर पुरळ येतं, पण कुत्रा बरा झाला की तेही जातं. दुसऱ्यात खाज कमी, तोंडाभोवती आणि पायांवर चट्टे. तो माणसाला लागत नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की कळतं कोणता. गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडण्याचा उपाय गावोगाव चालतो आणि गावोगाव कुत्री मरतात, कारण अंगावरचं ऑइल ती चाटतात. आयव्हरमेक्टिन हे लुतेवरचं औषधही स्वतः टोचू नका; वजन चुकलं तर मेंदूवर जातं, आणि कॉलीसारख्या काही जातींना थोडंही सोसत नाही.

अंघोळ पहिल्या दिवशी नको. ताप असेल, अंगात मांस नसेल तर गारठून बसेल. ओल्या फडक्यानं पुसणं पुरे.

किती खायला घालायचं

आपला सगळा जीव त्याला पोटभर खाऊ घालण्यात असतो आणि नेमकं तेच जिवावर बेतू शकतं. कित्येक दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भाताचा ढीग गेला की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, आणि हृदय-श्वास कोलमडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेले उपाशी कैदी जेवण मिळाल्यावर दगावले ते याच कारणानं.

हिशेब असा. दहा किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला ४०० कॅलरीच्या आसपास लागतात. खंगलेल्याला पहिल्या दिवशी त्याचा पाव ते तिसरा हिस्सा द्यायचा, तोही चार ते सहा वेळांत विभागून. मग आठवडाभरात हळूहळू पूर्ण. वरणभात किंवा दूधभातापेक्षा उकडलेलं अंडं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन आणि चमचाभर भात बरा, कारण गोंधळ मुख्यतः पिठूळ पदार्थांनी होतो. दुधानं अनेकांना जुलाब लागतात. ताक किंवा दही चालतं. कांदा-लसूण घातलेला रस्सा, मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं कधीच नाहीत. शिजलेलं हाड अणकुचीदार फुटतं.

जंतांचं औषध वजनाप्रमाणे, साधारण पंधरा दिवसांनी पुन्हा. लशी अंगात ताकद आल्यावर, डॉक्टर सांगतील त्या क्रमानं. नसबंदी त्याच्याही नंतर.

घरात

त्याला घर दाखवत फिरवू नका. एक कोपरा द्या, जिथून दार दिसेल आणि पाठ भिंतीला लागेल. टेबलाखाली, जुनी गोधडी, पाणी, बस. पहिले दिवस तो खाणार नाही किंवा भरभरून खाईल, हलणार नाही किंवा रात्रभर फेऱ्या मारेल. पाहुण्यांना बोलावून ‘बघा, कसा वाचवला’ करू नका. मुलांना एवढं शिकवा की तो झोपलेला किंवा खात असताना त्याच्याजवळ जायचं नाही आणि त्याला मिठी मारायची नाही.

शी-शूची सवय लावणं वाटतं त्यापेक्षा सोपं. रस्त्यावरचा कुत्रा झोपायची जागा सहसा घाण करत नाही. उठल्यावर, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपण्याआधी त्याच कोपऱ्यावर न्या. पहिले काही आठवडे एक गळपट्टा आणि एक छातीपट्टा, दोन्हींना दोरी. घाबरलेला कुत्रा मान मागे खेचून साध्या पट्ट्यातून सटकतो. पट्ट्यावर फोन नंबर पहिल्याच दिवशी लावा.

भीती कशाची आहे ते हळूहळू कळतं. कोणाला झाडूची, कोणाला हेल्मेटची, कोणाला गुंडाळलेल्या वर्तमानपत्राची. झाडू लपवू नका. लांब भिंतीला टेकवून ठेवा आणि त्या दिशेनं चिकनचे तुकडे टाका, रोज थोडं जवळून. गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं ही त्याची पूर्वसूचना. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी तो सरळ चावेल. भांड्यावर गुरगुरत असेल तर भांडं ओढून ‘मालक कोण’ ते दाखवण्याचा जुना सल्ला विसरा. जाता-जाता लांबून भांड्यात त्याहून चांगलं काहीतरी टाका. माणूस जवळ आला की खाणं जात नाही, वाढतं, हे त्याला पटायला हवं.

दिवाळीची तयारी आधीपासून: आतली खोली, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू, फिरणं संध्याकाळ होण्याआधी उरकलेलं. दरवर्षी बरीच कुत्री याच दिवसांत हरवतात.

नातं

तीन दिवसांत शांत, तीन आठवड्यांत रुळतो, तीन महिन्यांत घरचा, असा एक नियम कुत्रेवाले सांगतात. सांत्वनासाठी ठीक आहे. मी बघितलेल्या एका भुऱ्या कुत्रीनं सहा महिने कोणालाच मानेला हात लावू दिला नाही, आणि मग एका दुपारी निवडायच्या मेथीच्या परातीशेजारी येऊन आजींच्या पायावर डोकं टेकून झोपली. आजींना कुत्री आवडत नसत. त्या रोज त्याच वेळी, त्याच जागी बसायच्या आणि तिच्याकडे लक्ष द्यायच्या नाहीत, एवढंच त्यांचं कर्तृत्व. आम्ही बाकीचे तिला जिंकायला बघत होतो.

म्हणून माझा आग्रह लाडापेक्षा वेळापत्रकावर आहे. जेवण, फिरणं, तुमचं कामाला जाणं आणि परत येणं यांत क्रम असला, की पुढे काय होणार याचा अंदाज त्याला येतो, आणि अंदाज येणाऱ्या माणसाजवळच तो सैल पडतो. खुणा बारीक असतात: कुशीवर पाय ताणून झोपणं, दारावर आवाज झाला की पळण्याऐवजी आधी तुमच्या तोंडाकडे बघणं. त्या बघण्याला शरीरातही आधार आहे. २०१५ साली जपानी संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बराच वेळ बघतात तेव्हा दोघांमध्येही ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, जे आई आणि बाळामध्ये वाढतं तेच.

या नात्याची दुसरी बाजूही सांभाळावी लागते. ज्याला एकदा टाकून दिलेलं असतं तो न्हाणीघराच्या दाराबाहेरही बसून राहतो आणि एकटं ठेवलं की दार कुरतडतो. पहिल्या आठवड्यापासूनच दोन मिनिटं बाहेर जाऊन परत या, मग पाच, मग अर्धा तास. जाताना निरोपाचं नाटक नको. सुट्टी काढून महिनाभर चोवीस तास सोबत राहायचं आणि मग एकदम ऑफिसला जायचं, हे त्याच्यासाठी वाईट.

सोसायटी आणि कायदा

भांडण जुनं आहे. जून १८३२ मध्ये इंग्रज सरकारनं मुंबईत भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, दंगल झाली. आज कुत्र्याला मारणं किंवा जायबंदी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी झालेला कुत्रा मूळ जागीच सोडायचा असतो. खाऊ घालण्याची जागा लहान मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, फाटकापासून लांब हवी. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये पालिकांना ठरावीक खाऊ घालण्याच्या जागा करायला सांगितलं, आणि दत्तक घेतलेला कुत्रा परत रस्त्यावर येता कामा नये हेही बजावलं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या आदेशानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांतून उचललेली कुत्री तिथे परत सोडण्यावर बंदी आली. घरी ठेवलेल्या कुत्र्यासाठी पुण्या-मुंबईत पालिकेचा परवाना लागतो, त्याला रेबीज लशीचा दाखला जोडायचा. लशीचं कार्ड आणि परवाना फाइलीत असला की सोसायटीच्या सभेत निम्मा आवाज खाली येतो.

दुसऱ्या घरी द्यायचा असेल तर

प्रत्येक वाचवलेला कुत्रा आपणच ठेवला पाहिजे असं नाही. ठेवत गेलात तर चौथ्यानंतर पाचव्याला जागा उरत नाही. देताना नसबंदी आणि लशी झालेल्या असाव्यात. घर स्वतः जाऊन बघा. गच्चीवर किंवा शेतावर राखणीला बांधून ठेवायला हवा असेल तर नाही म्हणा. घरातल्या सगळ्यांशी बोला, विशेषतः जी व्यक्ती दिवसभर घरी असते तिच्याशी. घर बदललं, बदली झाली, नाही जमलं, तर कुत्रा आमच्याकडेच परत द्यायचा, हे लिहून घ्या.

सोबत त्याची गोधडी न धुता द्या, ताटली द्या, आणि एका कागदावर त्याच्या वेळा: कधी खातो, कधी बाहेर जातो, कशाला घाबरतो, कोणत्या शब्दाला येतो. पहिले दोन-तीन आठवडे भेटायला जाऊ नका. तुम्हाला बघून तो पुन्हा दारात बसेल. ‘खातच नाही हो,’ असा फोन दुसऱ्याच दिवशी येईल. पाणी पितोय आणि शू होतेय तर मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत दोन दिवस वाट बघायला सांगा, त्याच वेळा पाळत. पाणीही बंद झालं, उलट्या लागल्या किंवा ते पिल्लू असेल, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला सांगा.